धानाच्या कोठीतली वाईन

लग्नानंतर नाशिकला गेलो तेव्हा पांढऱ्या वाईनची एक बाटली आणली होती. लाकडी पिंपाला न शिवलेली, स्टीलच्या टाकीत तयार झालेली. विकणारा म्हणाला, बहुतेक पांढरी वाईन लवकर प्यावी, पण ही थंड अंधारात ठेवा. मुरली की सोनेरी होते, मधाचा आणि भाजलेल्या काजूचा वास येतो. नवरा म्हणाला, "लग्नाले दहा वर्षं झाले का दोघंच पिऊ." त्या एका वाक्यावर मी जीव टाकला.

गोंदियाजवळ फुलचूरला, सासरच्या घरी, सासूबाईंना बाटली दिसली असती तर माझी धडगत नव्हती. म्हणून ती धानाच्या कोठीत पुरली. धान जुनं होतं तिथे वाईनही होईल, असा आमचा हिशेब. दरवर्षी नवं धान भरताना मी ती स्वतः काढून परत खोल ठेवायची. भांडण झालं की कोठीकडे बघायची आणि गप्प बसायची.

यंदा दहा वर्षं झाली. सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या. काचेच्या ग्लासात ओतली तर रंग पाण्यासारखा. लेबलावरचं साल खरवडलेलं. कोंड्यानं घासलं असेल, अशी मीच माझी समजूत काढली. घोट घेतला. आंबट, हिरव्या पेरूसारखी, जिभेला टोचणारी. मी तांदळाच्या व्यापाऱ्याची मुलगी. आमच्या गोंदियात कच्चा दाणा दाताखाली धरून नवा-जुना ओळखतात. नव्याला जुना म्हणून खपवणारेही मी पाहिलेत. ही नवी होती.

"हे ते बाटली नाही," मी म्हटलं.

"काऊन शंका घेऊन राहिली?" तो हसला. मी नजर काढली नाही, तेव्हा बोलला. "मागच्या वर्षी राखीले तू माहेरी गेली होती तवा दोस्त आले होते. पेलो. पण दुसरी आणली ना, तेच कंपनीची. तुले काय समजते, म्हटलं."

प्यायला, याचं मला एवढं लागलं नसतं. पण गेल्या दिवाळीनंतर धान भरताना ती खोटी बाटली मी पदरानं पुसून परत ठेवली, आणि हा शेजारी पोतं धरून उभा होता. तेव्हाही तोंड उघडलं नाही. मला संताप आला आणि लाजही वाटली, लाज कशाची ते मलाच कळेना.

"कशी होती?" मी विचारलं.

त्याचा चेहरा खुलला. मध, काजू, गळ्याखाली उतरल्यावरही तोंडात राहणारी चव, सगळं रंगून सांगत सुटला. "तसी पुन्हा नाही भेटत," म्हणाला, आणि उरलेली माझ्या ग्लासात ओतली.