चेंडूच्या मागे न जाणारा कॅमेरा

अन्वरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शारजातल्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर हरलेल्या पोरांना केळी वाटत होतो. हरणं आमच्या अंगवळणी पडलं होतं. अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं आणि अंड्यासारखा चेंडू घेऊन पळायचं. समोर चाळीस पोरं, आमची जेमतेम एकोणीस. सीझनच्या सहाही मॅच हरलो. तरी त्या सकाळी पोरं नाचत होती, कारण अन्वरभाईंच्या मुलाने, इरफानने, चेंडू पार शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केला होता. त्याला आता कसं सांगायचं... मी उरलेली केळीही वाटून टाकली.

अन्वरभाई रत्नागिरीकडचे, मी वसईचा. कॉलेजात ते प्रोजेक्टर-माइक सांभाळायचे, मी ॲडमिशनच्या टेबलावर. मॅचचं शूटिंगही त्यांच्याकडेच. उंच स्टँडवर कॅमेरा आणि त्यामागे घडीच्या शिडीवर अन्वरभाई, डोक्यावर ओला टॉवेल. काम सोपं होतं, चेंडू जिकडे कॅमेरा तिकडे. पण इरफानची जागा पुढच्या रांगेत, धक्के द्यायची आणि खायची. चेंडू त्याच्या हाताला लागायचाच नाही. सोमवारी फिल्म बघावी तर चेंडू गायब आणि पडद्यावर धूळ झटकत उठणारा इरफान. कोच डोक्याला हात लावून म्हणायचा, "हबीबी, फॉलो द बॉल." अन्वरभाई हसून इन्शाल्ला म्हणायचे. त्या इन्शाल्लाचा अर्थ 'होणार नाही', हे आखातात राहिलेल्याला सांगायला नको.

शेवटच्या मॅचला ते शिडीवरच छाती धरून बसले. मी आणि सिक्युरिटीवाल्याने त्यांना खाली उतरवलं. माझा हात घट्ट धरून ते म्हणाले, "पीटरशेठ, पोराला आत्ता सांगू नको. खेळू दे. तू इथंच थांब." स्ट्रेचरला वाट हवी म्हणून शिडी मीच मिटून भिंतीला टेकवली. कॉलेजची नर्स ॲम्ब्युलन्समध्ये बसली. मी थांबलो आणि इरफानला सांगितलं नाही. वीस मिनिटांनी समोरच्याच्या हातून निसटलेला चेंडू त्याने उचलला आणि पळत सुटला.

दफन झालं, चाळिसावा झाला. मग इरफान माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा भांडणार. भांडला असता तर बरं झालं असतं.

"अंकल, डिड ही सी इट?"

त्या दिवसापासून कपाटात पडलेला कॅमेरा काढून आम्ही लॅपटॉपला जोडला. आधी अन्वरभाईंचा खोकला. मग चित्र हललं, माझाच घाबरलेला आवाज आला, शिडी मिटल्याचा खटका आला. त्यानंतर बराच वेळ नुसतं रिकामं गवत. आणि मग... चित्र हळूहळू वळू लागलं. चेंडू दुसऱ्याच टोकाला होता. कॅमेरा इरफानवर येऊन थांबला. तो पडला, उठला, चेंडू उचलून धावला, तेव्हा कॅमेरा शेवटपर्यंत त्याच्यासोबत होता. पुढे खेळ सुरू झाला, सगळे चेंडूमागे गेले. कॅमेरा गेला नाही. बाकावर बसून पाणी पिणाऱ्या इरफानवरच तो राहिला, मेमरी कार्ड भरेपर्यंत. खोकला नव्हता, फक्त वारा वाजत होता.

नंतर मी कोचला विचारलं, सिक्युरिटीला विचारलं, पाणी देणाऱ्या पोरांना विचारलं. मॅच संपेपर्यंत कॅमेऱ्याला कोणी हात लावला नव्हता, आणि शिडीशिवाय तिथे हात पोचत नाही. वाऱ्याने वळला असेल, असं कोच म्हणतो. असेलही. मी प्रार्थनेला जाणारा माणूस, तरी असल्या गोष्टींत पडत नाही.

इरफान मात्र काही विचारत बसला नाही. डोळे पुसून एवढंच म्हणाला, "दॅट्स अब्बा."

आता शूटिंगला नवा माणूस आहे. तो चेंडू सोडत नाही, कोच खूश आहे. परवा सरावाच्या आधी इरफानने ती जुनी शिडी स्टोअरमधून आणली, मैदानाच्या कडेला उघडून ठेवली, वरच्या पायरीवर ओला टॉवेल टाकला आणि हेल्मेट घालून खेळायला गेला. सराव संपल्यावर मी ती मिटायला गेलो. भर उन्हात दोन तास उलटून गेले होते. टॉवेल अजून ओला होता.

मी शिडी मिटली नाही.