टेलरकाकांचा पट्टा

आमच्या काकांचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे टाक्यावर. छत्री फाटली, सोफा उसवला, चपलेचा अंगठा तुटला, की टेलरकाका सुई-दोरा घेऊन बसलेच. गाडीच्या सीटा तर इतक्या वेळा शिवलेल्या, की मूळ कापड कुठलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गाडीही तशीच, खोकत चालणारी. तिचा आवाज कोपऱ्यावरून आला की आत्या आतून ओरडायची, "दार उघडा गं, माझा भाऊ आला."

त्या दिवशी काका आणि मी आत्याकडेच निघालो होतो. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. सकाळपासून ती एकच विचारत होती, धाकटा आला का.

अर्ध्या वाटेत, भर माळावर, गाडीखाली काहीतरी तुटलं आणि कानठळ्या बसवणारा आवाज सुरू झाला. उतरून पाहिलं, तर सायलेन्सर एका टोकाने रस्त्यावर घासत होता. तार हवी होती, ती नव्हती. काकांनी पिशवीतून बॅगेचा नायलॉनचा पट्टा काढला, दुपदरी केला आणि रस्त्याच्या कडेला मांडी ठोकून शिवायला बसले.

माझं डोकं फिरलं. "काका, सायलेन्सर तापतो. हे टिकणार आहे का?"

"माझा टाका कधी उसवलाय?"

नव्हता उसवला. त्या दिवशीही नाही उसवला. सायलेन्सर टांगून थोडं पुढे गेलो, तर पट्टाच वितळला. जळका वास आला आणि सायलेन्सर सुटून, वाकडा होऊन मागच्या चाकात असा घुसला की चाक फिरेना. काकांनी तो ओढायला हात घातला आणि दोन्ही तळवे पोळून घेतले. मी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत राहिले. एकीनेही वेग कमी केला नाही. रडू येत होतं, पण रडून गाडी थोडीच चालते.

शेवटी काका आत बसले, इंजिन चालू केलं आणि ॲक्सिलरेटर दाबत राहिले. गाडी नुसती बोंबलत होती, जागची हलत नव्हती. तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्याची सून होती.

"आईंच्या कानाला फोन लावते. मामांना बोलू दे लवकर."

मी स्पीकर लावून फोन काकांसमोर धरला. त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच. मग पलीकडून आत्याचा आवाज आला, अगदी बारीक.

"दार उघडा गं. माझा भाऊ आला."

इंजिन बंद करायला मी किल्लीकडे हात नेला. काकांनी पोळलेल्या हाताने तो धरला.

"राहू दे. ऐकतेय ती."

थोड्या वेळाने सून पुन्हा बोलली, तेव्हा मी फोन कानाशी नेला. "आई गेल्या." मला ऐकू आलं, काकांना नाही. ते समोर बघत गाडी बोंबलवत राहिले, आणि आता बंद करा म्हणायची माझी छाती झाली नाही.