डाव्या कडेचा म्हाळू

म्हाळू भित्रा होता, हे दौंडच्या यार्डात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हाळूला सगळ्यांच्या आधी. गडी मूळचा केंदूरचा, पळायला वाऱ्यासारखा, पण रेल्वेत काम मिळालं ते डबे जोडायचं. दोन डब्यांच्या मधे वाकून शिरायचं आणि साखळी अडकवायची. इंजिनाची शिट्टी झाली की आतल्या माणसानं आहे तिथं थिजायचं, मुकादमाची झेंडी दिसेपर्यंत बोटही हलवायचं नाही. त्याच्या जोडीचा हौसराव एकदा हलला आणि कोपरापासून हात गमावून बसला. तेव्हापासून सकाळची भाकरी म्हाळूच्या घशाखाली उतरत नसे.

पंचाहत्तरच्या हिवाळ्यात साहेब यार्डाच्या टीमला बोलून गेले की, फुटबॉलमध्ये कुर्डुवाडीच्या रेल्वेवाल्यांना हरवलंत तर म्हाळूला डब्यांमधून काढून शेडात, दुरुस्तीच्या कामाला घेतो. त्याच्या बायकोनं, तानुबाईनं, हे ऐकलं आणि बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली.

आणि नेमकं तेव्हाच टीमला शिकवणाऱ्या आण्णांना नवं खूळ सुचलं. आण्णा जुने फिटर. आजवर म्हाळू डाव्या कडेनं पुढं पळायचा, आणि बॉल गेला की तसाच धापा टाकत मागं येऊन गोल राखणाऱ्या बॅकला मदत करायचा. आण्णांनी कोळशानं फरशीवर चार ठिपके काढले, चारही पुढं.

"म्हाळू, आता माघारी यायचं न्हाई. मागं चार जण ठिवलेत. पुढचे मधले दोघं आत सरकतील, कुर्डुवाडीचे बॅक त्यांच्या मागं जातील. कड तुला मोकळी. आत शिरायचं का रेषेवरनं पळायचं, तुजं तू ठरव."

"आन् चुकलं तर, आण्णा?"

"तर चुकंल."

दुसरा कुणी हरखला असता. म्हाळूला ते नको होतं. आजवर कुणीतरी सांगायचं आणि हा करायचा. आता हातची संधी गेली तर ती त्याच्या एकट्याच्या पायानं जाणार होती.

मॅचच्या दिवशी तो सवयीनं माघारी पळतच राहिला आणि आण्णांच्या शिव्या खात राहिला. खेळ संपत आला तरी गोल एकही नव्हता. तेवढ्यात मधले दोघं आत सरकले आणि बॉल म्हाळूच्या पायात आला. खरोखरच कड मोकळी होती. समोर कुर्डुवाडीचा एकटा बॅक, मारुतराव.

आणि शेजारच्या यार्डात इंजिनानं शिट्टी दिली.

म्हाळू थिजला. गेलं शेड, गेलं सगळं, असं त्याला वाटलं. घाबरून त्यानं वर पाहिलं, तर मारुतरावही थिजलेला. गुडघे वाकलेले, मान खांद्यात ओढलेली, डोळे झेंडी शोधत उजवीकडं. डब्यांच्या मधे शिरलेला माणूसच असा उभा राहतो.

मैदानात झेंडी दाखवायला कुणी नव्हतं.  म्हाळू झेंडीवाचूनच पळाला, आत वळला आणि त्यानं बॉल मारला. गोल झाला.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर तो मारुतरावाकडं गेला.

"तुमी बी डबं जोडता?"

"व्हय. उद्या सकाळच्या पाळीलाच हाय. आन् तुमी?"

म्हाळूला सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण आता त्याला या माणसाचीच काळजी लागली.

"मी जोडत व्हतो," तो कसाबसा म्हणाला.

यार्डात पुन्हा शिट्टी झाली, आणि दोघंही आहेत तिथं थिजले.