छत्री बुडवून मोजलेलं पाणी

माझी नोकरी पाणी मोजण्याची. म्हणजे होती. आता निवृत्त होऊन नाशिकच्या घरात बसलोय, आणि बादली भरताना मी बघत राहिलो की बायको विचारते, तिच्यात काय बुडालंय तुमचं. तिला काय सांगणार! पाण्याकडे नीट बघायला मला एका माणसाने शिकवलं, तेही मी त्याचं नुकसान करून बसल्यावर. त्याचे उपकार मी या जन्मात तरी फेडू शकत नाही.

शेवटची काही वर्षं मी सुरगाण्याच्या डोंगरात, अगदी गुजरातच्या हद्दीवरच्या एका लहानशा धरणावर होतो. धरण दोन्ही राज्यांचं. करार साधा होता. पंधरा दिवस आमच्या पाटाला पाणी, पंधरा दिवस त्यांच्या. धरणाच्या भिंतीला खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि पाण्यात उभी आकड्यांची पट्टी. पट्टीवर एक लाल रेघ. पाणी रेघेला टेकलं की दोन्हीकडचं शेतीचं पाणी बंद, कारण त्याखालचं सगळं पिण्यासाठी. फक्त ज्यांची पाळी राहिली असेल, त्यांना दोन दिवस शेवटचं पाणी मिळायचं. दर सोमवारी सकाळी त्यांच्या माणसाने आणि मी, दोघांनी मिळून पट्टी वाचायची आणि एकमेकांच्या वहीत सही करायची.

त्यांचा माणूस पलीकडच्याच गावचा शेतकरी, वयाने माझ्याहून मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला भाऊसाहेब. त्याची बोली आणि आमच्या पाड्यावरच्यांची बोली एकच, हद्द काय ती कागदावर. पण काम इतकं सावकाश की माझं डोकं फिरायचं. पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जायचा, काळी छत्री उघडून वाऱ्याच्या बाजूला अर्धी पाण्यात बुडवायचा, आणि तिच्या आडोशाचं पाणी शांत होईपर्यंत उकिडवा बसून राहायचा. मी वरच्या पायरीवरून म्हणायचो, दादा, छत्रीला आंघोळ घालताय का? तो नुसता हसायचा. मग आकडा तीनदा वाचायचा. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या सोमवारी मात्र पिशवीतून घरच्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा काढायचा, आणि मग मलाही घाई नसायची.

एका वर्षी ऐन उन्हाळ्यात त्याच्या भाचीचं लग्न निघालं आणि तो सोमवार माझ्या एकट्यावर आला. आमच्या पाळीचा तेव्हा एकच आठवडा झाला होता. मला नाशिकला घरी जायचं होतं, वर रस्त्यावर जीप भरत आलेली, ड्रायव्हरचा हॉर्न थांबत नव्हता. मी वरच्या पायरीवरूनच पट्टी बघितली. वाऱ्याने लाटा तिच्यावर चढत होत्या. जिथपर्यंत पट्टी ओली दिसली तो आकडा मी पाण्याचा म्हणून लिहिला. लाल रेघेच्या चार बोटं वर. दादाला फोनवर सांगून टाकलं. मंगळवारी लग्नाहून परतताना त्याने माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवून सही केली, आणि आमचा पाट चालूच राहिला.

पुढच्या सोमवारी दादा छत्री घेऊन खाली उतरला. बराच वेळ बसला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खाली गेलो तेव्हा पाणी रेघेच्या वीतभर खाली होतं.

वीतभर ऐकायला काही वाटत नाही. पण आमच्या पाड्याच्या नळाला पाणी ज्या पाइपातून जायचं, त्याचं तोंड त्यांच्या पाइपापेक्षा वर होतं. त्यात त्यांचं दोन दिवसांचं शेवटचं पाणी अजून द्यायचं होतं, आणि ते त्यांच्या हक्काचं होतं. ते सोडलं असतं तर पावसाच्या कितीतरी आधी आमच्या पाड्याचा नळ कोरडा पडला असता. बायकांना टेकडी उतरून झऱ्यावर जावं लागलं असतं. चूक माझी आणि हंडे त्यांच्या डोक्यावर.

ऊन फार आहे, पाणी उडालं असेल, असं माझ्या अगदी तोंडात आलं होतं. नोकरीत असली कारणं आपोआप सुचतात. पण त्या माणसाची ओली छत्री बघून लाज वाटली. मी सांगून टाकलं की मी खाली उतरलोच नव्हतो.

दादा म्हणाला, "सही दोघांची हाय, भाऊसाहेब. चूक बी दोघांची."

खरा आकडा दोघांच्या वहीत गेला. मी माझ्या साहेबांना कळवलं आणि बोलणी खाल्ली, खायलाच हवी होती. त्याच आठवड्यात दादा परत आला. त्यांच्या गावाची बैठक झाली होती, आणि शेवटचं पाणी घ्यायचं नाही असं ठरलं होतं. रेघेखालच्या पाण्यावर दोन्ही गावांचं पावसापर्यंत निभेल, एवढंच तो म्हणाला. मला इतकं हायसं वाटलं की त्या दोन दिवसांच्या पाण्यावर कुणाचं काय अवलंबून होतं, हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही. गाढव कुठला मी!

तेव्हापासून मी दर सोमवारी खाली उतरायला लागलो. छत्री कधी तो धरायचा, कधी मी.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या सोमवारी पाणी आमच्या पाइपाच्या तोंडाच्या दोन बोटं वर होतं. नळ चालू होता, पाड्यावर एकही टँकर आला नव्हता. मी आकडा तीनदा वाचला, सह्या झाल्या, आणि सवयीने माझी नजर त्याच्या पिशवीकडे गेली. पिशवी रिकामी, घडी घालून काखेत धरलेली. त्याने ते पाहिलं आणि ओशाळून हसला.

"औंदा शेंगा नाय आणल्या, भाऊसाहेब. दाणाच नाय भरला. राग मानू नका."

त्याचा भुईमूग आमच्या पाड्याच्या हंड्यांत गेला होता, आणि माफी तो मागत होता.