सुया माझ्या टाळूवर

"डोकं खाली कर. अजून. मॅडमना नीट दिसू दे."

डॉक्टरबाईंनी माझी क्लिप काढून ट्रेमध्ये टाकली. समोरच्या खुर्चीत नवी पेशंट बसली होती, शेजारच्या टॉवरमधली. तिचा भांग रुंद होत चालला होता. माझाही. ती पेशंट होती, मी रिसेप्शनिस्ट.

लोअर परळचं क्लिनिक. टाळूवर बारीक सुया टोचायच्या आणि त्यावर ग्रोथ फॅक्टरचं औषध सोडायचं, म्हणजे केस पुन्हा दाट होतात, अशी ती ट्रीटमेंट. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. तेही संमतीच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं. तो फॉर्म वाचून दाखवून पेशंटची सही घेणं हे माझं काम.

ती बाई सुयांना घाबरत होती. "थांबा, हिच्यावर करून दाखवते," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला विचारलं नाही. मीही बोलले नाही. वाटलं, निदान औषध तरी मिळेल. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

बधिर करायचं क्रीम लावलं नाही. ते चढायला वेळ लागतो आणि पेशंटला घाई होती.

सुयांचं पेन कपाळापासून मागे फिरलं. डोळ्यांतून पाणी आलं.

"शी इज क्रायिंग!"

"अहो, इट्स नथिंग. दीज चाळ गर्ल्स आर टफ."

दोघी हसल्या. मी इंग्रजी शाळेत शिकले, हे डॉक्टरबाईंना माहीत होतं. कळलं तरी ही काही बोलणार नाही, हेही माहीत होतं. शाळेत आम्हाला सॉरी आणि थँक यू शिकवलं. दुखलं तर काय म्हणायचं, ते नाही.

औषधाची कुपी फ्रिजमधून निघालीच नाही. टाळूवर नुसतं सलाइन ओतलं. "जा, फोन वाजतोय."

लालबागला घरी आईने केस मोकळे केले.

"ह्यां काय गो? टाळू लालबुंद झाली!"

मी सांगितलं. तिने एकेक बट बाजूला करून टाळू पाहिली. मग म्हणाली, "औषद तरी घातल्यानी मा?"

"नाही."

तो शब्द तोंडातून निघाला आणि मला कळलं, तो दुपारीच म्हणायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात दुसरी पेशंट आली. "ये गं, जरा बस इथे." मी कोरा फॉर्म घेऊन आत गेले.

"मॅडम, माझी सही घेतलेली नाही."

"तुझी कसली सही? तू स्टाफ आहेस."

"नो. यू कान्ट डू दिस टू मी." मुद्दाम इंग्रजीत बोलले. पेशंटलाही कळायला हवं होतं. "लास्ट टाइम इट वॉज ओन्ली सलाइन."

पेशंटने पर्स उचलून मांडीवर घेतली. डॉक्टरबाई लालेलाल झाल्या. "बाहेर हो."

उद्यापासून येऊ नकोस, असा मेसेज आला. एका ओळीचा.

केस गळतायत. गळतील. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. मेडिकल कौन्सिलकडे द्यायची डॉक्टरबाईंविरुद्धची तक्रार मात्र लिहून झाली आहे. क्रीम लावलं नाही, सही घेतली नाही, औषध घातलं नाही, सगळं क्रमाने. आई म्हणाली, नाव घालू नकोस, दुसरीकडे नोकरी मिळायची नाही. मी नाव घातलं. पूर्ण, आडनावासकट. चाळीचा पत्ताही.

माझ्या जागेवर आता नवीन मुलगी बसते. सोमवारी तक्रार देऊन आले की तिला भेटणार आहे.