तिसरं ऑइल सील

जीपवाल्या किसनदादांनी हात पुढे केला. बोटांना तेल लागलं होतं. मी वास घेतला. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. तो एकदा नाकात बसला की दुसऱ्या कुठल्याही तेलाशी गल्लत होत नाही.

"परत थुकली गाडी," ते म्हणाले. "त्याच चाकाला. डाव्या."

"कधी?"

"काल. इथून घाटाखाली वैशाखऱ्याला गेलो. उतरून बघतो तं चाकाच्या आतून ओघळ."

मी हातातला पाना खाली ठेवला. पंधरा दिवसांपूर्वी या जीपचा मागचा डावा अ‍ॅक्सल तुटला होता. नवा मीच घातला, सीलही नवं. आठवड्यात तेल गळायला लागलं, म्हणून सील बदललं. तेही मीच. आणि आता गाडी पुन्हा दारात उभी होती. मुरबाडला कल्याण रस्त्यावर माझं गॅरेज होतं, आणि नव्वदच्या दशकात त्या रस्त्यावर जीपच्या मागच्या कामाला माझं बरं नाव होतं. ते नाव आता थेंबाथेंबानं डाव्या चाकातून गळत होतं.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा दिसतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाची ताकद तिथं येते आणि दोन चाकांना वाटली जाते. आतले दाते तेलात बुडून फिरतात. गोळ्यापासून प्रत्येक चाकापर्यंत एक जाड पाइप जातो, त्याच्या आत एक लोखंडी दांडा, तो अ‍ॅक्सल. पाइपाच्या टोकाला रबराचं एक कडं असतं, ते ऑइल सील. दांडा फिरू द्यायचा पण तेल बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

सीलच्या पलीकडे लगेच ब्रेक असतो, आणि माझी झोप उडाली होती ती त्यामुळे. ब्रेकच्या पट्ट्या कोरड्या असतील तरच फिरत्या ड्रमला धरतात. त्यांच्यावर तेल आलं की घसरतात. गाडी एका बाजूला ओढते, किंवा थांबतच नाही.

"रविवारी जायचंय मिस्त्री," किसनदादा म्हणाले. "तुमाला म्हाईत हाय."

माहीत होतं. त्यांची मुलगी संगीता माळशेज घाटाच्या वर दिली होती. तिला सातवा महिना होता. रविवारी सासरी ओटी भरायची आणि तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची, असं ठरलं होतं. म्हणजे गरोदर पोर गाडीत बसवून पूर्ण घाट उतरायचा. आज बुधवार होता.

"दादा, दुसरी गाडी सांगा ना त्या दिवसापुरती."

"नाय. लग्नात ह्याच गाडीतून पाठवली, ह्याच्यातूनच आणायची. भाड्याची गाडी कशी पळवतात ते मला इचारा. मी सोता लाईनवर शिटा भरून चालवतो." मग जरा थांबून म्हणाले, "तुमाला जमत नसल तं बोला. मी शहापूरला नेतो."

हे झोंबलं. "रविवारी तुमची गाडी घाट चढेल आणि उतरेलही," असं मी ठणकावून सांगितलं. पण तेल का गळतंय हे मला अजिबात कळलं नव्हतं.

गाडी लोखंडी घोडीवर चढवली. चाक काढलं, ड्रम काढला. आत सगळं ओलंचिंब. सील बघितलं तर कुठं चीर नाही, रबराची आतली कड फाटलेली नाही. तेल जास्त भरलं तरी गळतं, म्हणून पातळी बघितली. बरोबर होती. नवा अ‍ॅक्सल सीलपाशी खरखरीत असेल, तर रबर खाल्लं जातं. नख फिरवलं. गुळगुळीत होता, तरी समाधानासाठी बारीक पॉलिश पेपर मारला. पाइप वाकलाय का तेही मापलं. मग कल्याणहून वेगळ्या दुकानातलं सील मागवलं, ते बसवलं. हे तिसरं. ब्रेकच्या पट्ट्या नव्या घातल्या. संध्याकाळी चाकाखाली कोरा पुठ्ठा पसरला.

घरी जेवायला बसलो, पण मनात तोच दांडा काढत होतो आणि घालत होतो. बायकोनं दोनदा विचारलं, भात वाढू का? मी म्हणालो, पाइप सरळ आहे. ती भाताचं पातेलं घेऊन उठून गेली.

सकाळी गॅरेज उघडून आधी पुठ्ठा बघितला. कोरडा ठणठणीत. माणसाला हायसं वाटावं, पण मला उलट धडकी भरली. मागच्या वेळीही पुठ्ठा कोरडाच होता! गाडी उभी असली की गळत नव्हती. थोडी फिरवली तरी नाही. लांब पल्ला मारून आली की मगच गळायची.

"चला दादा," मी म्हणालो. "आपण दोघंच. घाटात जाऊन येऊ."

गुरुवारी दुपारी निघालो. रिकामी जीप, किसनदादा चालवायला, मी शेजारी. वैशाखरे मागं पडलं, चढ सुरू झाला. मी दर दोन वळणांनी मान बाहेर काढून मागचं चाक बघत होतो.

"खिडकीतून पडाल," किसनदादा म्हणाले.

"तुम्ही पुढं बघा."

घाटात एका रुंद जागी गाडी बाजूला घेतली, चाकांना दगड लावले. मी गोणपाट टाकून खाली घुसलो. डावं चाक आतून ओलं होतं. शिवी तोंडात आली, पण तेवढ्यात उजवीकडे लक्ष गेलं. उजवं चाकही पाझरायला लागलं होतं. आणि गोळ्याच्या पुढच्या तोंडाशी, जिथं इंजिनाकडून येणारा फिरता दांडा आत शिरतो, तिथंही तेलाचा थेंब लोंबत होता.

मी तसाच पडून राहिलो. डावी बाजू मी उघडली होती. उजवीला मी हात लावला नव्हता. पुढच्या तोंडाला तर गाडी घेतल्यापासून कुणीच लावला नव्हता. तीन जागी तीन सीलं एकाच आठवड्यात खराब होत नाहीत. म्हणजे सीलांचा दोष नव्हता. आतूनच कोणीतरी तेलाला ढकलत होतं, आणि मी इतके दिवस बिचाऱ्या रबरावर राग काढत होतो.

गोळ्यावर तेल भरायचा एक बोल्ट असतो. तोंड बाजूला करून तो हळूहळू सैल केला. फुस्स! प्रेशर कुकरची शिट्टी उचलल्यासारखी गरम हवा बाहेर आली, आणि तेलाचा फवारा माझ्या बाहीवर.

"काय झाला?" वरून किसनदादा ओरडले.

"श्वास कोंडलाय हिचा!"

गाडी लांब धावली की आतलं तेल तापतं, हवा फुगते. ती बाहेर जावी म्हणून अ‍ॅक्सलच्या पाइपावर वरच्या अंगाला एक इवलीशी टोपी असते, करंगळीच्या नखाएवढी. तिच्यात बारीक भोक. तिला ब्रीदर म्हणतात. ते भोक बुजलं तर हवा जाणार कुठं? मग ती सीलांमधून वाट काढते आणि जाताना तेल घेऊन जाते. डावं सील नवं, अजून दांड्यावर नीट बसायचं होतं, म्हणून आधी तिथून.

मी पाइपावरून हात फिरवला. टोपी सापडेना. सगळं एकसारखं, गुळगुळीत, काळं. नखानं खरवडलं. नखात आलं ते डांबर.

"दादा," मी खालूनच विचारलं, "हे डांबर कुणी लावलं?"

"मीच," किसनदादांच्या आवाजात अभिमान होता. "तुमी अ‍ॅक्सल बदलला त्याच दिवशी. गाडी वर चढलेलीच होती ना? पहिला अ‍ॅक्सल गंजूनच तुटला असल. गोठ्याच्या लाकडी मेढींना दरसाल लावतो, वाळवी लागत नाय, पाणी लागत नाय. संगी बसणार गाडीत. म्हटला, एक जागा सोडायची नाय. दोन हात मारले."

मी खरवडायचं थांबलो. मला एकदम सगळं आठवलं. वनस्पती तुपाच्या डब्यात पातळ केलेलं डांबर घेऊन ते गाडीखाली बसले होते. मी दुसऱ्या गाडीवर होतो. त्यांनी ब्रश मागितला. मी न बघताच फळीवरचा ब्रश दिला आणि वर म्हणालो होतो, "चांगलं केलंत दादा."

"मिस्त्री, गप का झाले?"

"ब्रश माझा होता," मी म्हणालो.

दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू खाली उतरलो. गॅरेजमध्ये टोपी काढून रॉकेलमध्ये टाकली, तारेनं भोक मोकळं केलं, तोंडानं फुंकून बघितलं. नाचक्की झालीच होती, त्यात कंजुषी नको म्हणून तिन्ही सीलं बदलली, ब्रेकच्या पट्ट्या पुन्हा नव्या. शुक्रवारी घाट चढून उतरलो. कोरडं. शनिवारी पुन्हा. कोरडं. गाडी दोन्ही दिवस किसनदादाच चालवत होते. शनिवारी उतरताना म्हणाले, "उद्या तुमी पण चला."

मी गेलो. ओटी भरून झाली, संगीताला पुढच्या सीटवर बसवलं. मी मागं. घाट उतरताना मी तीनदा गाडी थांबवायला लावली आणि तीनदा वाकून चाकाच्या आत बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. तिसऱ्यांदा वर आलो तर संगीता वैतागली होती.

"ओ काका, बाळंतपण माजा हाय का गाडीचा?"

किसनदादा स्टेअरिंगवर डोकं टेकून इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, हे मला कळलं. मी हातातलं फडकं त्यांच्यापुढं केलं.

तेव्हापासून काम करून दिलेली गाडी परत आली की मी आधी पाना उचलत नाही. मालकाला विचारतो, "मी काम केल्यावर तुम्ही हिला प्रेमानं काय काय केलंत?" लोक हसतात, मग आठवून आठवून सांगतात. बऱ्याचदा दोष तिथंच सापडतो. आणि गॅरेजमध्ये कुणी ब्रश मागितला, तर कशाला हवाय ते विचारल्याशिवाय देत नाही.