ओल्या लाकडाची काठी

परमुलखात कुठे लढाई जुंपली आणि आमच्याकडे कापसाचा भाव चढला. ज्याला त्याला बैलबंडी हवी होती. मी सुतार, पातूरच्या वाटेवरच्या आमच्या गावात दिवसभर चाकं घडवत असे. थोरला भाऊ आमची घरची बंडी हाकायचा, अकोल्याच्या व्यापाऱ्याचा कापूस अमरावतीला पोचवायचा.

तिथेच माल उतरवताना बंडी उलटली आणि कापसाची गाठ त्याच्या पायावर पडली. दुसऱ्याच्या बंडीत आडवा घालून त्याला घरी आणलं. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड जुळलंही, पण गुडघा काही वाकेना.

वहिनी माझ्याकडे आली. "भाऊजी, त्यायले एक काठी करून द्या. भिंत धरून धरून चालून राह्यले."

घरातलं वाळलेलं लाकूड सगळं बंड्यांत गेलं होतं. म्हणून मी डोंगरात गेलो आणि टेंभुर्णीची एक फांदी तोडून आणली. वरच्या टोकाला तिला हाताच्या पकडीजोगा बाक होता. साल काढून सावलीत ठेवली. पावसाळा जाईपर्यंत ती वाळू द्यायची होती.

भाऊ ऐकेना. "लाकूड वाळेपर्यंत कापूस सरून जाईन. मले आत्ता पायजे."

मग मी ती तशीच शेकोटीवर धरून सरळ केली, तासली, तेल चोळलं, खाली लोखंडी शेंबी ठोकली. काठी टेकत तो गोठ्यापर्यंत गेला, बैलांच्या पाठीवरून हात फिरवून आला. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला. मलाही वाटलं, निभेल.

दोनच दिवसांनी आम्ही दोघं अकोल्याला गेलो. व्यापाऱ्याचा मुनीम ओट्यावर उभा होता. भाऊ काठी रोवून, दात आवळून बंडीतून उतरला. मुनिमानं ते सगळं पाहिलं. त्यानं भावाची विचारपूस केली, पाणी दिलं आणि त्याच्या वाट्याचा माल मागून आलेल्या दुसऱ्याच्या बंडीत भरायला सांगितलं. भाऊ काठी टेकत परत बंडीत चढून बसला. रिकामी बंडी मीच हाकत परत आणली.

उन्हाळ्यात काठी वाळली तशी मधोमध वाकडी झाली. मी म्हटलं, "दादा, दे इकडं, शेकून सरळ करतो."

"राहू दे," तो म्हणाला. "आता मले कुटं जायाचं हाये?"

त्यानंतर त्यानं उठणंच सोडलं. दुसरा, धड पायही बसून बसून वाळला. सकाळी मी आणि वहिनी त्याला उचलून उन्हात बसवायचो, ऊन तापलं की आत न्यायचो. उचलताना तो आमच्याकडे बघत नसे. बैलही त्यानं कुणाला तरी देऊन टाकले, मला विचारलंही नाही. असा तो पुष्कळ वर्षं जगला.